मोटारीच्या पोटातला लेप

सोलापूरजवळच्या कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर उभे राहिले. ३० हजार घरांच्या या योजनेतली पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी कामगारांना मिळाली. सोलापूरचा उन्हाळा पंख्याशिवाय निघत नाही, म्हणजे घरटी पंख्याची एक मोटार आलीच. शिवाय पाण्याचे पंप, यंत्रमाग आणि या साऱ्यांना वीज पुरवणारी रोहित्रे, म्हणजे आपले डीपी. या प्रत्येक यंत्राच्या पोटात पोलादी पत्र्यांची चळत असते आणि तिची खरी कामगिरी पत्र्यांवरच्या काही मायक्रॉन जाडीच्या लेपावर अवलंबून असते.

एकसंध लोखंडाचा गाभा का चालत नाही? आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. त्यामुळे गाभ्यातले चुंबकत्व सतत उलटसुलट होते आणि लोखंडातच गोल फिरणारे भोवरा प्रवाह निर्माण होतात. ते कोणतेही काम करत नाहीत, नुसती उष्णता वाढवतात. पत्र्याची जाडी निम्मी केली, तर हे नुकसान जवळपास चौथाईवर येते. म्हणून मोटारीसाठी ०.५० किंवा ०.३५ मिलिमीटरचा, तर रोहित्रासाठी ०.२७ किंवा ०.२३ मिलिमीटरचा पत्रा वापरतात. पोलादात सिलिकॉन मिसळल्याने प्रवाहाला विरोध वाढतो. मात्र पत्रे एकमेकांना उघडे टेकले, तर ही सगळी मेहनत वाया जाते. त्यांना विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवतो तो लेप.

रोहित्राच्या पत्र्याला व्यवसायात सीआरजीओ म्हणतात. त्यावर मॅग्नेशियम ऑक्साइड लावून सुमारे १२०० अंशांना तापवतात, तेव्हा पृष्ठभागावर काचेसारखा थर तयार होतो. त्यावर फॉस्फेटचा दुसरा लेप चढतो. थंड होताना पोलाद लेपापेक्षा जास्त आकसते, त्यामुळे पत्रा कायम किंचित ताणलेला राहतो. या ताणाने वीजहानी घटते आणि रोहित्राची घरघरही कमी होते. असे पोलाद महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात तयार होते. थिसेनक्रुपचा तिथला कारखाना २०२५ मध्ये जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफई यांच्या भागीदारीकडे गेला. या लेपांमध्ये वर्षानुवर्षे क्रोमियमची घातक संयुगे वापरली गेली. कामगारांच्या आरोग्यासाठी आता क्रोमियममुक्त लेपांकडे वळणे सुरू आहे.

मोटारीच्या पत्र्यावरचा लेप स्टॅम्पिंग, म्हणजे गाभ्याचे तुकडे, कापताना वंगणाचेही काम करतो, त्यामुळे कापणारी डाय जास्त टिकते. डाय बोथट झाली, की कापलेल्या कडेला धातूची धारदार कोर, म्हणजे बर, येते, ती लेप भेदते आणि शेजारचे पत्रे जोडले जातात.

लेपाला सर्वांत मोठा धोका मात्र दुरुस्तीच्या वेळी असतो. मोटार जळाली, की जुनी तार सैल करण्यासाठी अनेक ठिकाणी स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, सरळ आगीत भाजतात. सेंद्रिय लेप साधारण ३७० अंशांपर्यंत, तर अकार्बनी लेप ४०० अंशांपर्यंत सुरक्षित मानला जातो. उघड्या जाळाला असे मोजमाप नसते. लेप करपतो, मोटार पुन्हा फिरते, पण आता रिकामी चालतानाही जास्त गरम होते आणि जास्त वीज खाते. ते नुकसान शेतकरी आणि मागवाला दर महिन्याच्या बिलातून भरत राहतो.

म्हणून मोटार रिवायंडिंगला देताना तारेच्या दर्जाइतकीच एक चौकशी करावी: जुने वाइंडिंग तापमान नियंत्रित भट्टीत काढणार की आगीत? तांबे नवे घालता येते. करपलेला लेप दुरुस्तीच्या दुकानात परत चढत नाही.