खुर्चीत कस्टमर, पाठीमागे मॅडम: सलूनमधल्या सततच्या टोकण्यावर उपाय काय?

अर्धे केस कापून झालेत आणि मागून आवाज येतो, "अगं, बाजूनं अजून थोडं कमी कर." ऑफिसातला बॉस निदान मेलवर टोकतो. सलूनमध्ये मात्र सगळं आरशासमोर घडतं आणि कस्टमर ते बघत असतो. त्याचा स्टायलिस्टवरचा विश्वास उडतो. पुढच्या वेळी तो थेट मॅडमनाच शोधतो. मग मॅडमना वाटतं, आपल्याशिवाय इथं पानही हलत नाही आणि टोकणं आणखी वाढतं.

मालक असं का वागतात?

एक तर इथली चूक लगेच दुरुस्त होत नाही. कापलेले केस जोडता येत नाहीत, ब्लीच जास्त वेळ राहिलं तर केस तुटतात. दुसरं म्हणजे, कस्टमर अनेकदा दुकानापेक्षा हाताला बांधलेला असतो. स्टायलिस्ट गेली की तिचे कस्टमरही जातील, ही भीती असतेच. शिवाय बरेच मालक स्वतः खुर्चीमागे उभे राहून वर आलेले असतात. हात थांबले तरी नजर थांबत नाही.

मग करायचं काय?

कस्टमरसमोर वाद घालणं सगळ्यात महागात पडतं. तिथं "हो मॅडम, बघते" एवढंच पुरे. खरं बोलणं दुकान उघडण्याआधी किंवा बंद करताना. तेव्हाही "तुम्ही सारखं टोकता" असं न म्हणता एकच प्रसंग मांडावा: "मॅडम, काल रंग लावताना मध्येच शेड बदलायला सांगितली, तर ताई घाबरल्या. पुढच्या वेळी शेड आधीच तुम्हाला दाखवते. नंतर काही वाटलं तर मला बाजूला बोलवा."

म्हणजे तपासणी टाळायची नाही, आधी आणायची. रंग, ब्लीच, स्मूदनिंग असेल तर शेड, लांबी आणि वेळ सुरुवातीलाच मॅडमसमोर ठरवावी. आधीच्या ट्रीटमेंट आणि ४८ तास आधी केलेली पॅच टेस्ट कार्डावर लिहावी. साध्या कटिंगसाठी मात्र महिनाभर मोकळीक मागावी. किती कस्टमर परत आले, हे अपॉइंटमेंटची वहीच सांगते.

पगार कापला तर?

काम सुधारून घेणं हा मालकाचा हक्क आहे. प्रत्येक चुकीला पैसे कापणं हा नाही. वेतन संहिता, २०१९ नुसार नोटिशीत आधी जाहीर केलेल्या चुकांसाठीच दंड लावता येतो आणि त्याआधी कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकावं लागतं. मासिक पगार असेल तर महिन्याचा एकूण दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. म्हणजे १५,००० रुपये वेतनावर जास्तीत जास्त ४५० रुपये. सामानाच्या नुकसानीची भरपाई वेगळी, पण तिथंही बाजू ऐकून घेणं बंधनकारक आहे.

म्हणून कापलेली रक्कम, तारीख आणि सांगितलेलं कारण त्याच दिवशी लिहून ठेवावं. बोलून भागलं नाही आणि कामगार कार्यालयात जायची वेळ आली, तर हीच नोंद उपयोगी पडते.