अर्थ हरवलेली मोटार

माणसाचे पोट आणि जुन्या मोटारीची वीज यांचा स्वभाव एकच : दुखते एकीकडे, मूळ दुसरीकडे. विजेचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि मेकॅनिक समोर उभा राहिला की तेवढ्यापुरता बराही होतो! मग अंदाजाची औषधे सुरू होतात. आज बॅटरी बदला, उद्या डायनामो, परवा सेल्फ. खिसा हलका होतो. रोग मात्र जागच्या जागी.

माझी गाडी जुनी पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाटला हे नाव १९७४ साली मिळाले. तिचे उत्पादन थांबून आता दोन दशके उलटली आहेत. तिचा सेल्फ अलीकडे जड फिरू लागला होता. दोष कारखान्याचा नव्हे. तिने काढलेल्या पावसाळ्यांचा. शहरातल्या एका दुकानदाराने न तपासताच निदान सांगितले, "नवी बॅटरी टाका."

त्याच गाडीने आम्ही चौघे होळीला काठीस गेलो. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत हे गाव आहे. तिथली राजवाडी होळी प्रसिद्ध. कमरेला घुंगरू आणि वाळके दुधी भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अशा वेषात आदिवासी बांधव रात्रभर नाचतात आणि पहाटे होळी पेटते. ती पाहून आम्ही निघालो. किल्ली फिरवली, तर सेल्फ नुसता 'टक्' करून गप्प!

शेजारच्या जीपचा चालक आला. त्याने प्रथम दिवे लावायला सांगितले. ते लख्ख होते. सेल्फ मारला, तरी फारसे मंदावले नाहीत. मग त्याने चोकच्या तारेला बोट लावले आणि हसला. तार चांगलीच तापली होती.

"सर, बॅटरीत जीव आहे. तुमचा अर्थ गेला आहे!"

मराठीच्या मास्तराला याहून मोठा टोला कोणता? पण त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. बॅटरीतून सेल्फपर्यंत प्रवाह जाड तारेने जातो. परतताना मात्र इंजिनाच्या लोखंडातून आणि गाडीच्या पत्र्यातून येतो. या परतीच्या वाटेला मेकॅनिक 'अर्थ' म्हणतात. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असते, म्हणून ते पत्र्याशी जोडायला एक विणलेली पट्टी लागते. आमची पट्टी गंजली होती. वाट अडल्यामुळे प्रवाह चोकच्या बारीक तारेतून घरी परतू पाहत होता. म्हणून ती तापली.

त्याने आपल्या जीपमधली जाड तार काढून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे इंजिनाला लावले. पहिल्या झटक्यात गाडी सुरू! मग पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासली, नट आवळले, वर ग्रीस लावले. नव्या बॅटरीचे पैसे वाचले.

"दादा, हे कुठे शिकलात?" मी विचारले.

"डोंगरात, सर. रात्री जीप सुरू झाली नाही, तर पेशंट दवाखान्यात पोचत नाही. मग शिकावंच लागतं."

वाचकांनी त्याची रीत ध्यानात ठेवावी. भाग बदलण्याआधी प्रवाहाची वाट तपासावी : जाण्याची आणि येण्याचीही. पूर्ण भरलेली बॅटरी गाडी बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असता बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक दिसला, तर परतीच्या वाटेत अडथळा आहे, असे समजावे. फ्यूज वारंवार उडत असेल, तर त्याजागी चांदी किंवा जाड तार कदापि घालू नये. फ्यूज वाचेल, पण वायरिंग पेटेल. आणि तारांना हात घालण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

शब्दांची मोडतोड करून नवे वाक्य रचणे सोपे असते. आहे त्याच वाक्यातला अर्थ लावणे कठीण. दुकानदार पहिली विद्या जाणतो. डोंगरातल्या चालकाला दुसरी जाणावी लागते, कारण त्याच्या गाडीत कुणाचा तरी जीव बसलेला असतो.