झाड म्हणजे नव्वद टक्के हवा?

चकती फेकणे हा प्रकार मुलांना नवा नाही. डब्याचे प्लास्टिकचे झाकण हाती लागले की मनगटाच्या झटक्याने ते एकदा तरी भिरकावले जातेच. ठाण्याच्या तलावांच्या काठी चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत पाठवणारी मुलेही नकळत तेच तंत्र वापरतात : वस्तू चपटी हवी आणि तिला गिरकी हवी. या तंत्रावर एक पूर्ण खेळ उभा आहे. त्यात विज्ञान आणि गणित इतके भरले आहे की शिक्षकांनी त्याची ओळख करून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

या खेळाचे नाव 'डिस्क गोल्फ'. गोल्फमधल्या चेंडूच्या जागी येथे चकती असते आणि खड्ड्याच्या जागी खांबावर बसवलेली, साखळ्या लोंबणारी टोपली. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत पोहोचवायची. अमेरिकेतील एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये या खेळाचे पहिले कायमचे मैदान आखले. 'मैदान' हा शब्द येथे थोडा फसवा आहे, कारण यातली बरीच मैदाने म्हणजे चक्क झाडी असते. ठाणे ते कल्याण-डोंबिवली या दाट वस्तीच्या पट्ट्यात हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. क्रिकेटला अडचण वाटणारी झाडे या खेळात खेळाचाच भाग होतात.

चकती वळते कशी?

झाडांमधून चकती न्यायची तर आधी तिची चाल समजली पाहिजे. उजव्या हाताने, हात छातीसमोरून बाहेर नेत चकती फेकली की ती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. पुरेशा जोराने फेकलेली अशी चकती सुरुवातीला सरळ किंवा किंचित उजवीकडे जाते आणि वेग कमी झाला की शेवटी डावीकडे झुकते. हा दोष फेकणाऱ्याच्या हाताचा नव्हे.

हवा चकतीला वर उचलते, पण हे उचलणारे बल बरोबर मध्यावर लागत नाही. वेग जास्त असताना ते मध्याच्या थोडे मागे असते. चकती मंदावून खाली येऊ लागली की ते मध्याच्या पुढे सरकते, म्हणजे पुढची कड वर ढकलली जाते. न फिरणारी चकती अशा वेळी उताणी पडेल. फिरणाऱ्या वस्तूचे वागणे मात्र निराळे असते. एका ठिकाणी दिलेल्या धक्क्याचा परिणाम गिरकीच्या दिशेने पाव फेरा पुढे दिसतो. पुढची कड वर ढकलली असता उजवी कड वर जाते, चकती डावीकडे कलते आणि तिकडेच वळते. सायकलचे सुटे चाक आसाला धरून जोरात फिरवावे आणि आस कलता करून पाहावा. हा पाव फेऱ्याचा नियम हातालाच जाणवतो.

डाव्या हाताने तशीच फेक केली, किंवा उजव्याच हाताने उलटी गिरकी दिली, तर सारे उलट होते. म्हणून झाडाला डावीकडून वळसा घालायचा की उजवीकडून, हे ठरवले की फेकीची पद्धतही ठरते. वाऱ्याचाही विचार हवा. चकतीला जमिनीशी असलेला वेग कळत नाही, हवेशी असलेला कळतो. समोरून वारा असेल तर ती जास्त वेगात असल्यासारखी वागते व उजवीकडे अधिक वळते. पाठीमागून वारा असेल तर लवकर डावीकडे झुकते.

झाडीचे गणित

खेळाडूंमध्ये एक म्हण आहे : झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. म्हणजे बिनधास्त फेका, चकती आरपार जाईल. हे तपासून पाहू.

समजा, दर २५ चौरस मीटर जागेत सरासरी एक झाड आहे आणि खोडाचा व्यास ३० सें.मी. आहे. मग खोडांनी जमिनीचा फक्त ०.३ टक्के भाग व्यापला. म्हणजे हवा नव्वद नव्हे, ९९.७ टक्के! पण चकतीला जागेतून पुढे जायचे असते. चकतीचा व्यास सुमारे २० सें.मी. धरू. तिचा मध्य खोडाच्या मध्यापासून २५ सें.मी.च्या आत आला की टक्कर होणार. म्हणजे प्रत्येक खोड ५० सें.मी. जाड आहे आणि चकती हा नुसता बिंदू आहे, असे मानले तरी उत्तर तेच येते. ५० मीटर लांबीच्या मार्गावर धोक्याचा पट्टा होतो ५० × ०.५ म्हणजे २५ चौरस मीटर, आणि तेवढ्या जागेत सरासरी एक झाड असतेच. झाडे कशीही विखुरलेली असली, तर ५० मीटरची सरळ फेक निर्विघ्न जाण्याची शक्यता भरते सुमारे ३७ टक्के. २५ मीटरसाठी ती ६१ टक्के असते, तर १०० मीटरसाठी अवघी १४ टक्के.

आकड्यांमधला संबंध विद्यार्थ्यांना शोधू द्यावा. ०.६१ चा वर्ग ०.३७ आणि ०.३७ चा वर्ग ०.१४. अंतर दुप्पट झाले की शक्यतेचा वर्ग होतो. वायूचा रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी किती अंतर जातो, हे काढण्याची रीतही हीच.

वर्गात हे तिळांनी करता येते. २५ सें.मी. लांब व २० सें.मी. रुंद कागदावर लांबीला समांतर, एकेक सें.मी. अंतरावर १९ रेषा आखाव्यात. २ मीटरला १ सें.मी. हे प्रमाण धरावे. कागदावर ८० तीळ विखरून टाकावेत. तीळ साधारण अडीच मि.मी.चा, म्हणजे आपले ५० सें.मी.चे खोड. एकाही तिळाला न शिवणाऱ्या रेषा मोजाव्यात. त्या सातच्या आसपास येतील. एका गटाला चार मिळतील, दुसऱ्याला दहा. पण साऱ्या गटांची सरासरी काढली की आकडा स्थिरावतो.

धाडस केव्हा करावे?

खेळाडू अर्थात डोळे मिटून फेकत नाही, तो फट निवडतो. ३ मीटर रुंदीची फट १० मीटरवर असेल तर नेम दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ अंश चुकला तरी चालतो. तीच फट २० मीटरवर असेल तर सव्वाचार अंशच सूट मिळते. म्हणून झाडीत नजर टोपलीवर नव्हे, पहिल्या फटीवर हवी. एकामागून एक तीन फटी असतील आणि प्रत्येकीतून जाण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर तिन्हींतून जाण्याची शक्यता ३४ टक्केच उरते.

आता निर्णय. सुरक्षित वाटेने गेलो तर ४ फेकी नक्की लागतात. फटीतून गेलो तर ३, अडकलो तर ५. फट साधण्याची शक्यता ४० टक्के असेल तर सरासरी येते ०.४ × ३ + ०.६ × ५, म्हणजे ४.२. धाडस तोट्याचे ठरले. शक्यता निम्म्याहून जास्त असेल तरच ते फायद्याचे. अडकल्यावर ६ फेकी लागणार असतील, तर शक्यता दोनतृतीयांशाहून जास्त हवी. चुकीची किंमत वाढली की खात्रीही जास्त हवी, हा धडा खेळापुरता नाही. आपली शक्यता किती, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. वीस फेकी टाकून वहीत नोंद करावी. बहुतेकांचा स्वतःविषयीचा अंदाज नोंदीपेक्षा उदार निघतो.

शाळेच्या आवारात

सुरुवातीला हलक्या प्लास्टिकची चकती आणि टोपलीऐवजी कपड्यांची बादली पुरे. स्पर्धेतल्या चकत्या जड व धारदार कडेच्या असतात, त्या मुलांना देऊ नयेत. समोरची वाट मोकळी झाल्याशिवाय कोणीही फेकायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम झाडांसाठी. सालीच्या आतल्या थरांतूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते, आणि सारखे आघात बसले की तो मार्ग तुटतो. म्हणून सारखा मार बसणाऱ्या खोडांना गोणपाट सैलसर गुंडाळावे आणि कोवळी रोपे खेळाच्या वाटेत येऊ देऊ नयेत. ठाण्यातील येऊरचे जंगल खुणावत असले तरी ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथे पाहायला जावे, खेळ मांडायला नव्हे.

आवारात पाच-सहा झाडे असली तरी खेळ रंगतो. ज्या शाळेत एकही झाड नाही तिने आधी झाडे लावावीत. तोवर तिळांचा खेळ आहेच.