ओट्यावरची दुरुस्ती

आमच्याकडे गाडी दुरुस्त व्हायची ती घराच्या ओट्यावर. गोणपाट अंथरायचं, त्यावर चार पाने, एका वाटीत पेट्रोल, जुन्या धोतराचं फडकं. वडील उकिडवे बसायचे आणि मी शेजारी. गाडी लूना. पाथर्डी तालुक्यातलं आमचं गाव, नगर तिथून पन्नासएक किलोमीटर. लूना रुसली की तिला एसटीच्या टपावर चढवून शहरात नेणं परवडणारं नव्हतं, म्हणून वडील स्वतःच पाना हातात घ्यायचे.

ती गाडी आमच्याच जिल्ह्यातली, याचं आम्हाला फार अप्रूप. किनेटिक इंजिनीअरिंगने 1972 साली लूना बाजारात आणली आणि ती बनायची नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात. हस्तीमल फिरोदियांचं घराणं नगरचंच. पन्नास सीसीचं इंजिन, पायडल मारून चालू होणारं. त्या गाडीने या भागात दुधाचे कॅन वाहिले, कडब्याच्या पेंढ्या वाहिल्या, शाळामास्तरांना वाडीवस्तीवर पोचवलं. पेट्रोल भरताना मापाने ऑइल टाकायचं आणि दोन्ही एकजीव व्हावं म्हणून गाडी हँडलला धरून डावी-उजवीकडे हलवायची. ऑइल जास्त पडलं की प्लग काळा.

प्लग काढणं हा ठरलेला विधी होता. प्लगपान्याने तो सोडवायचा, टोक ओलं आहे की कोरडं ते पाहायचं, पॉलिश पेपरने घासायचं. दोन टोकांतली फट हॅकसॉचं पातं घालून जोखायची. मग प्लग कॅपमध्ये घालून इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि पायडल मारायचं. निळी ठिणगी पडली तर बरं, पिवळट असेल तर पॉइंट बघा. हे वडिलांनी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. त्यांनी तिसगावच्या एका मिस्त्रीजवळ बसून पाहिलं होतं आणि मी त्यांच्याजवळ बसून पाहिलं.

1994 साली स्प्लेंडर आली आणि हळूहळू गावोगाव तीच दिसू लागली. फोर-स्ट्रोक इंजिन, ऑइल मिसळायची कटकट नाही, प्लग वर्षवर्ष काढावा लागत नाही. गाडी चांगली निघाली आणि त्या चांगुलपणामुळेच आमचे हात सुटले. पुढच्या पिढीला प्लगपाना सीटखाली असतो हेसुद्धा ठाऊक राहिलं नाही. शतक पालटताना लूनाही बंद झाली. दीडेक दशक गाडी म्हणजे किल्ली फिरवायची, पेट्रोल भरायचं आणि बिघडली की गॅरेजला लावायची, एवढंच. काय बदललं, का बदललं, हे विचारायची सवयच गेली. या काळाबद्दल मला आजही हळहळ वाटते.

मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि गावातल्या पोरांच्या हातात व्हिडिओ आले. आधी गाणी, क्रिकेट. नंतर कुणीतरी चेन-स्पॉकेट कसं बदलतात ते लावलं. मला पहिल्यांदा नवल वाटलं ते एका गॅरेजमध्ये. पेट्रोलच्या टाकीवर मोबाईल उभा करून ठेवलेला आणि सतरा-अठरा वर्षांचा पोरगा त्यात बघत क्लच प्लेटा बसवत होता. उस्ताद चहाला गेला होता. पोराने व्हिडिओ थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला. उस्ताद एकदाच दाखवतो, दुसऱ्यांदा विचारलं की ओरडतो. मोबाईल कितीदाही दाखवतो. या पोरांसाठी हे केवढं मोठं होतं!

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. गॅरेजं बंद, पण दूध तर घालायला जायचंच. तेव्हा मी वडिलांनंतर पहिल्यांदा ओट्यावर गोणपाट अंथरलं. गाडी आइडलला बंद पडत होती. व्हिडिओ पाहून कार्ब्युरेटर उतरवला, खालची वाटी उघडली, पायलट जेट काढून उजेडाकडे धरली. आरपार उजेड दिसेना. वायरीतली एक बारीक तार घालून आणि फुंकून ती मोकळी केली. गाडी पहिल्या किकला लागली आणि मला वडिलांची फार आठवण आली.

त्याच उन्हाळ्यात मी इंजिनचं ऑइलही बदललं. ऑइलचा बोल्ट गळू नये म्हणून जोर लावून आवळला. इंजिनची कड अॅल्युमिनियमची, आटे गेले. सकाळी गाडीखाली तळहाताएवढा काळा डाग. पुढे मिस्त्रीने टॅप मारून मोठ्या मापाचा बोल्ट बसवला आणि पाना माझ्याच हातात देऊन दाखवलं: वायसर टेकला की हाताला कळतं, तिथून थोडंसंच. ते ‘थोडंसं’ कुठल्याही व्हिडिओत दिसलं नव्हतं. दिसणारही नाही, कारण ते मनगटाला कळतं.

गंमत अशी की आम्ही घरोघरी कार्ब्युरेटर शिकत होतो त्याच सुमारास, 1 एप्रिल 2020 पासून, बीएस-6 हा धुराचा नवा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर जायला लागला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर, ईसीयू. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. इंजेक्शनमध्ये ते पंपाने सुमारे तीन बार दाबाने जातं. जुन्या सवयीने नळी उपसली तर पेट्रोल अंगावर उडतं. मीटरवरचा पिवळा दिवा किती वेळा लुकलुकतो यावरून बिघाड ओळखायचा. इथे वीस-वीस वर्षं काम केलेले मिस्त्रीसुद्धा पुन्हा विद्यार्थी झाले आणि तेच व्हिडिओ पाहू लागले. ग्राहक आणि मिस्त्री एकाच वर्गात बसले, असं आधी कधी झालं नव्हतं.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. वाहनं आणि शेतीची अवजारं त्यात आहेत. आपण विकत घेतलेली वस्तू आपल्याला उघडता यावी, तिची माहिती मिळावी, ही मागणी मला अगदी रास्त वाटते. क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा असलेला हा जिल्हा. अकोले तालुक्याच्या डोंगरात किंवा जामखेडच्या टोकाला गाडी बंद पडली तर सर्व्हिस सेंटर कोस-कोस लांब.

2024 साली दोन गोष्टी घडल्या. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आणि लूना परत आली, विजेवर चालणारी. तिची चासी नगरच्याच किनेटिकच्या कारखान्यात बनते. तिला प्लग नाही, पॉइंट नाही. ओट्यावर काय उघडायचं ते नव्याने शिकावं लागेल.

मी पाहिलेले व्हिडिओ बहुतेक हिंदीत होते. शिकवणारे भले, पण आमच्या गॅरेजात मिस्त्री ज्या मराठीत बोलतो, ती मराठी तिथे फारशी नव्हती. म्हणून जिल्ह्यातल्या मिस्त्रींना माझी विनंती आहे: काम करताना मोबाईल समोर ठेवा आणि आपल्या भाषेत बोला. बोल्ट किती आवळायचा हे सांगताना हात जवळून दाखवा, बोल्ट चुकून तुटला तर तेही कापू नका. आणि घरी गाडी उघडणाऱ्यांनो, व्हिडिओ आधी शेवटपर्यंत बघा, मग पाना उचला. ब्रेकचं काम मात्र पहिल्यांदा जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच करा.