कुर्डी ते वाडे : घरे उभी राहिली, गाव कसे घडते?

दरवर्षी मे महिन्यात साळावली जलाशयाचे पाणी ओसरू लागते आणि सांगे तालुक्यातील बुडालेले कुर्डी गाव हळूहळू वर येते. घरांचे चौथरे, जुन्या वाटा, वाळलेल्या झाडांची खोडे आणि सोमेश्वराचे देऊळ दिसू लागते. याच दिवसांत कुर्डीकर आपल्या मूळ गावी जमतात. हिंदू बांधव सोमेश्वराच्या उत्सवाला येतात, ख्रिस्ती बांधव कपेलाचे फेस्त साजरे करतात. पावसाला सुरुवात झाली की गाव पुन्हा पाण्याखाली जाते आणि मंडळी आपापल्या नव्या घरी परततात.

अलीकडे हे दृश्य पाहण्यासाठी पर्यटकही गर्दी करतात. परंतु त्यामागचा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. ज्यांना नवी जमीन मिळाली, ज्यांनी तिच्यावर नवी घरे बांधली, त्यांना चार दशकांनंतरही जुन्या चौथऱ्यावर का यावेसे वाटते? नव्या वसाहती उभारताना नेमके काय हातातून सुटते, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले आहे.

गोवा मुक्त झाल्यानंतर दक्षिण भागातील पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्याची गरज भागवण्यासाठी साळावली नदीवर धरण बांधण्याचे ठरले. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः कुर्डीत येऊन लोकांना या त्यागाचे मोल समजावले होते, ही आठवण जुने रहिवासी आजही सांगतात. सुमारे 3000 वस्तीचे हे गाव 1986 मध्ये पाण्याखाली गेले. 600 हून अधिक कुटुंबांचे पुनर्वसन वाडे व वालकिणी या परिसरात झाले. आज सांगे, केपे, सासष्टी आणि मुरगाव या तालुक्यांतील असंख्य घरांच्या नळाला साळावलीचे पाणी येते. त्या पाण्याची किंमत कुर्डीकरांनी आपल्या गावाच्या रूपाने मोजली आहे.

कुर्डी हे साधेसुधे खेडे नव्हते. भातशेती, माड, काजू, आंबा, फणस यांनी ते संपन्न होते. हिंदू, ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबे तेथे शेजारी-शेजारी राहत. श्रेष्ठ गायिका मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 मध्ये येथलाच. गावाचे नाव त्यांच्या आडनावातून देशभर पोहोचले, आणि गाव बुडाल्यानंतरही ते तसेच राहिले.

पुनर्वसनाचा हिशेब सहसा दोन गोष्टींचा मांडला जातो : जमीन किती आणि भरपाई किती. गोव्यातील गावाची रचना मात्र या हिशेबात पुरती मावत नाही. येथे घर कधी एकटे नसते. ते वाड्याचा भाग असते. वाडा देवळाशी किंवा कपेलाशी जोडलेला असतो, शेत ओहोळाशी आणि कुळागर झऱ्याशी. शिगमो कोणत्या मांडावर सुरू व्हायचा, धालो कोणाच्या अंगणात खेळायचे, देवाची पालखी कोणत्या दारी थांबायची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. कोणी आजारी पडले तर प्रथम कोणाला हाक मारायची, हेही त्याच रचनेतून ठरते. ही नाती कोणत्याही सरकारी नोंदवहीत लिहिलेली नसतात. म्हणूनच भूखंडांचे क्रमांक पाडून वाटप झाले की ती नकळत विस्कटतात.

देवळाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. कुर्डीतील कदंबकालीन महादेव मंदिर बुडू नये म्हणून पुरातत्त्व खात्याने त्याचा दगड न् दगड सोडवला आणि धरणाजवळच्या सुरक्षित जागी ते पुन्हा जसेच्या तसे उभे केले. कुर्डीतील मातृदेवतेची प्राचीन मूर्तीही अशीच वेर्णे येथे हलवण्यात आली. दगडाला क्रमांक देता येतो, त्यामुळे तो पूर्वीच्या जागी बरोबर बसतो. शेजाराच्या बाबतीत तसे करता येत नाही. तो नव्या जागी नव्यानेच जुळावा लागतो.

तो जुळण्यासाठी काही आधार लागतात. पहिला आधार पाण्याचा. धरणासाठी गाव सोडलेल्या वाडेवासीयांच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यांत आटत आणि टँकरची वाट पाहावी लागे, ही तेथील रहिवाशांची जुनी व्यथा आहे. दुसरा आधार मालकीचा. आपल्या नावाचा कागद हाती नसेल तर माणूस घर बांधतो, पण अंगणात माड लावताना कचरतो. पुनर्वसित जमिनीच्या मालकी हक्काचा प्रश्न म्हणूनच विस्थापितांनी वर्षानुवर्षे लावून धरला. तिसरा आधार एकत्र येण्याच्या जागेचा : देऊळ, कपेल, मशीद, शाळा, मैदान किंवा नुसता झाडाचा पार.

ही तिसरी गरज पुढे कायद्यानेही मान्य केली. 2013 चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत पुनर्वसन वसाहतीत कोणत्या सोयी हव्यात, याची यादी आहे. रस्ते, गटारे, पिण्याचे पाणी, वीज, शाळा, अंगणवाडी, आरोग्य केंद्र, स्मशानभूमी किंवा दफनभूमी यांबरोबरच गुरांच्या पिण्याच्या पाण्याचा आणि गायरानाचाही त्यात उल्लेख आहे. दर 50 कुटुंबांमागे प्रार्थनास्थळ आणि लोकांना एकत्र बसता येईल असा पार असावा, असेही ही यादी सांगते. प्रकल्पाआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. कुर्डीच्या वेळी यांतले काहीही कायद्याने बंधनकारक नव्हते.

हा धडा केवळ धरणग्रस्तांपुरता मर्यादित नाही. गोव्यातील लहान शहरांच्या कडेला आज नव्या वसाहती वाढत आहेत. तेथे रस्ता, वीज आणि वाहनतळ यांचा विचार आधी होतो. मुलांनी कोठे खेळावे, वृद्धांनी संध्याकाळी कोठे बसावे, चतुर्थीला किंवा नाताळला सर्वांनी कोठे जमावे, याचा विचार राहून जातो. मोकळी जागा एकदा भूखंडात गेली की ती परत मिळत नाही. म्हणून हे प्रश्न आराखडा मंजूर होण्यापूर्वीच ग्रामसभेत किंवा पालिकेत विचारले गेले पाहिजेत.

वाडे-वालकिणीत वाढलेल्या पिढीने कुर्डी कधी नांदती पाहिलेली नाही. तरीही मे महिन्यात ती आजी-आजोबांचा हात धरून त्या चौथऱ्यांवर येते आणि आपले घर कोठे होते ते विचारून घेते. गावातील एवढी एकच जागा आता साऱ्यांची उरली आहे, तीही वर्षातून काही आठवड्यांपुरती. नव्या गावातही बारा महिने सर्वांना आपली वाटेल अशी एखादी जागा असणे, ही पुनर्वसनाची खरी कसोटी आहे.