मासे वाढत नाहीत? आधी तळ्याचे पाणी मोजा

गेल्या उन्हाळ्यात जिंतूर तालुक्यातल्या साडूभाऊंच्या शेततळ्यावर जाणे झाले. रोहू-कटल्याची बोटुकली सोडून आठ महिने उलटले होते, पण मासा पाव किलोही भरेना. "भाऊजी, खाद्य कमी पडलं का हो?" मेव्हणीने विचारले. पेंड आणि कोंडा यांवर बचत गटाचे कर्ज गेले होते. पाणी ओंजळीत घेऊन चाखले, तर चांगलेच मचूळ! आर.ओ. दुरुस्त करणाऱ्या मुलाकडून टीडीएस मीटर आणले. आकडा 4 हजारांच्या पुढे गेला. म्हणजे लिटरमागे 4 ग्रॅमहून अधिक क्षार.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असते. त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सारखे आत शिरते. मासा ते लघवीवाटे बाहेर टाकतो आणि अंगातले मीठ जपून ठेवतो. बाहेरचे पाणीच खारट झाले की ही घडी विस्कटते. खाल्लेले अंगी लागत नाही. लिटरमागे 2 ग्रॅमपर्यंत रोहू-कटल्याला फारसा त्रास नाही. 4-5 च्या पुढे वाढ मंदावते आणि 8 च्या आसपास त्यांचे तगणे कठीण. पिल्लांना तर आधीच झळ लागते.

मग पावसाळ्यात गोड असलेले पाणी खारट झाले कसे? आम्ही पडलो कारकून, जमाखर्चाशिवाय काही सुचत नाही. समजा, दिवाळीला 9 फूट पाणी आहे आणि लिटरमागे दीड ग्रॅम क्षार. उन्हाने 3 फूट उरले तर क्षार साडेचार ग्रॅम! वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ तळ्यातच राहते. प्लॅस्टिकच्या अस्तरामुळे ते जमिनीतही मुरत नाही. वरून साडूभाऊ रोज मचूळ बोअरचे पाणी सोडत होते. जमा चालू, खर्च बंद!

काही जण याचा दोष पूर्णा नदीला देतात. तो गैरसमज आहे. खारपाणपट्टा आहे तो अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या पूर्णेचा. ती तापीला मिळते. येलदरी धरणाची आपली पूर्णा गोदावरीला मिळते. भांड्यावर पांढरा थर बसतो म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. तो बहुधा चुन्याचा असतो आणि रोहू-कटल्याला जड पाणी चालते.

बोटुकली आणण्यापूर्वी बोअरचे पाणी जरूर मोजावे. फेब्रुवारीपासून दर पंधरवड्याला तळ्याचे मोजावे. आकडा चढू लागला तर थोडे जुने पाणी काढून कालव्याचे किंवा गोड विहिरीचे भरावे. तेही नसेल तर होळीच्या सुमारास मासा विकून मोकळे व्हावे. हरियाणात रोहतकजवळ केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्राने जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखविली आहे. पण बियाणे, खाद्य आणि हवा देणाऱ्या यंत्रांची वीज हा खर्च दोन एकरवाल्याने कोठून करायचा?

साडूभाऊंनी एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाने मासा विकला. कर्जाचे तीन हप्ते अजून बाकी आहेत. यंदा तळ्यात बोअरचा पाईप नाही. मीटर मात्र मेव्हणीने स्वतः विकत घेतले आहे आणि आकडे मुलीच्या जुन्या वहीत लिहिले जातात.