पालीची अडकलेली कात

घरातल्या भिंतीवरची पाल कधी कधी पांढुरकी, निस्तेज दिसते. जणू अंगाला पातळ कागद चिकटवला आहे. ती आजारी नसते. कात टाकण्याच्या बेतात असते. थोडा वेळ लक्ष ठेवलेत, तर ती आपलीच कात तोंडाने ओढून काढताना आणि चक्क खाऊन टाकताना दिसेल. म्हणूनच सापाची कात सापडते, तशी पालीची सहसा सापडत नाही.

पालीच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. शरीर वाढते, तो वाढत नाही. म्हणून त्याच्याखाली नवा थर तयार होतो. मग दोन्ही थरांमध्ये द्रव झिरपतो आणि जुना थर सुटा होतो. पूर्ण वाढलेली पाल साधारण महिना-दोन महिन्यांनी कात टाकते. झपाट्याने वाढणारे पिल्लू मात्र एक-दोन आठवड्यांनीच. म्हणजे काही बिघडण्याची वेळही पिल्लावरच जास्त येते.

अमेरिकेत आणि युरोपात हौशी लोक 'लेपर्ड गेको' नावाची पाल पाळतात. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असतात, म्हणून हे नाव. (पिल्लांच्या अंगावर मात्र ठिपक्यांऐवजी रुंद पट्टे असतात!) ती मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी तिचे शास्त्रीय वर्णन केले. कोरड्या मुलखातला प्राणी म्हणून पुष्कळ जण तिची काचपेटी अगदी कोरडी ठेवतात, आणि इथेच चूक होते. ही पाल दिवसभर उन्हात बसत नाही. ती दगडांखाली, बिळांत दडून राहते आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ दमट असते.

हवा कोरडी असली, की कात धड सुटत नाही. तुकडे अडकून राहतात. पाठीवरचा तुकडा फारसा त्रास देत नाही. बोटावरचा देतो. बोटाला दोरा घट्ट गुंडाळला तर टोक कसे जांभळे पडते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अडकलेली कात वाळून आकसते आणि तशीच आवळत जाते. पुढच्या खेपेची कातही तिच्याखाली अडकून थर वाढतो. रक्त पोचेनासे होते आणि बोट मरून गळून पडते. तुटलेली शेपटी पुन्हा फुटते, बोट फुटत नाही.

डोळ्याचे दुखणे आणखी वाईट. घरच्या पालीला मिटणाऱ्या पापण्या नसतात; लेपर्ड गेकोला असतात. पापणीखाली कात अडकली, तर डोळा सुजतो, त्यात पू होतो. दिसत नाही म्हणून किडा पकडता येत नाही आणि मूठभरही नसलेले पिल्लू उपासाने खंगते.

उपाय साधा आहे. पेटीत एक झाकणाची डबी ठेवायची, तिला आत शिरण्यापुरते भोक पाडायचे आणि तळाशी ओले शेवाळ किंवा नारळाचा भुसा घालायचा. कात अडकलीच, तर कोमट पाण्यात पिल्लाचे पाय बुडतील इतपत पंधरा-वीस मिनिटे ठेवून ओल्या कापसाने हळूच चोळावे. कोरडी कात ओढू नये. खालची नवी त्वचा फाटते. डोळ्याला तर स्वतः हात लावूच नये. ते पशुवैद्याचे काम.

डबी ओली असूनही कात वारंवार अडकत असेल, तर दोष आहारात किंवा पोटातल्या जंतांत शोधावा लागतो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले तरी त्वचा आणि डोळे बिघडतात. नुसत्या रातकिड्यांवर वाढलेल्या पिल्लाला कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व पुरत नाही. मग मुलांना मुडदूस होतो तशी त्याची हाडे मऊ पडतात. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

पिल्लू कात खाऊन टाकते, त्यामुळे ती पुरती निघाली की नाही हे पेटीकडे पाहून समजत नाही. कात टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन त्याची बोटे तपासावीत. प्रत्येक पायाला पाच, एकूण वीस.